मेंटेनन्स म्हणजे सुट्टी नव्हे: ल्युकेमिया झालेल्या मुलासोबत घरी काढायची दोन वर्षं

ल्युकेमिया झालेल्या मुलाचे पहिले सहा-आठ महिने इस्पितळाच्या वाऱ्या करण्यातच जातात. मग मेंटेनन्स, म्हणजे घरी गोळ्यांवर चालणारा उपचाराचा लांब टप्पा, सुरू होतो. डोक्यावर केस येऊ लागतात, चेहऱ्याची सूज उतरते, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजची (गोमेकॉ) फेरी आठवड्यावरून पंधरवड्यावर, मग महिन्यावर येते. शेजारीपाजारी म्हणतात, "बरं झालं, सुटलात एकदाचे." घरच्यांनाही तसंच वाटू लागतं, आणि सगळा घोळ इथेच सुरू होतो. केमो थांबलेली नसते. आधी ती सलाइनमधून जात होती, आता आईच्या हातून गोळीने जाते, एवढाच फरक. घरात नर्स नसते, चार्ट लिहिणारं कुणी नसतं आणि रात्री दोन वाजता निर्णय घेणारे फक्त आई-बाबा असतात.

मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे एएलएल, म्हणजेच अॅक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. इथे लिहिलंय ते मुख्यतः त्याच्या मेंटेनन्सबद्दल. पूर्ण उपचाराला साधारण दोन ते अडीच वर्षं लागतात, काही प्रोटोकॉलमध्ये (उपचाराच्या ठरलेल्या आराखड्यांत) तीनही, आणि त्यातला मोठा भाग मेंटेनन्सचाच असतो. बोनमॅरोचा रिपोर्ट स्वच्छ आला तरी सूक्ष्मदर्शकाला न दिसणाऱ्या काही पेशी शिल्लक असतात. त्या सावकाश वाढतात, म्हणून थोडं थोडं औषध दीर्घकाळ द्यावं लागतं. कॅन्सरच्या इतर प्रकारांत गोळ्यांचा हा टप्पा असेलच असं नाही, पण तापाबद्दल खाली जे आहे ते केमो चालू असलेल्या प्रत्येक मुलाला लागू आहे. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: इथल्या आकड्यांपेक्षा तुमच्या डॉक्टरांनी फाईलवर लिहिलेला आकडा वेगळा असेल, तर तुमच्यासाठी तोच खरा.

गोळ्यांचं गणित

मेंटेनन्सचा कणा दोन गोळ्या. ६-मर्कॅप्टोप्युरिन, जिला सगळे सिक्स-एमपी म्हणतात, ती रोज. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा. याशिवाय न्यूमोनियाची एक विशिष्ट जात टाळण्यासाठी को-ट्रायमोक्साझोल, बहुतेक ठिकाणी आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस. काही प्रोटोकॉलमध्ये महिन्यातून एकदा व्हिन्क्रिस्टिनचं इंजेक्शन आणि पाच दिवस स्टेरॉइड, आणि दर तीनेक महिन्यांनी पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्सेट.

डोस वयावरून ठरत नाही, शरीराच्या पृष्ठफळावरून ठरतो, म्हणजे उंची आणि वजन दोन्हींवरून. समजा मुलाचं पृष्ठफळ ०.६ चौरस मीटर आहे आणि सिक्स-एमपी रोज दर चौरस मीटरला ६० मिलिग्रॅम द्यायची आहे. म्हणजे रोज ३६ मिलिग्रॅम. गोळी मात्र येते ५० मिलिग्रॅमची. मग डॉक्टर आठवड्याचा हिशेब करतात: २५२ मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ पाच गोळ्या. तीन दिवस अख्खी, चार दिवस अर्धी. कागदावर सोपं दिसतं. पण गुरुवारी अर्धी होती की अख्खी, हे शुक्रवारी सकाळी आठवत नाही.

यावर गोव्यातल्या जवळजवळ प्रत्येक मराठी घराच्या भिंतीवर उपाय टांगलेला आहे: कालनिर्णय. महिना सुरू होण्याआधी एका बैठकीत पूर्ण पान भरून टाका. प्रत्येक चौकोनात सिक्स-एमपीसाठी "१" किंवा "½", आठवड्याच्या ठरलेल्या वारी लाल पेनने "मेथो, ५ गोळ्या, २.५ ची", को-ट्रायमोक्साझोलच्या दिवसांना एक ठिपका. गोळी गिळून झाली की चौकोनावर तिरकी रेघ, आणि रेघ मारणारा माणूस एकच. आईने रेघ मारली नाही म्हणून बाबांनी परत गोळी दिली, असा दुहेरी डोस घरोघर होऊ शकतो. आजीला वाचायला त्रास होत असेल तर सात खणांची गोळ्यांची डबी भरून ठेवा. खण रिकामा म्हणजे गोळी गेली, एवढं कुणालाही कळतं. ही डबी लहान भावंडांच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर हवी.

मेथोट्रेक्सेटबाबत सगळ्यात घातक चूक म्हणजे आठवड्याची गोळी रोज दिली जाणं. ही चूक जगभर होत आली आहे आणि तिने माणसं दगावली आहेत. तोंड सोलवटतं, पेशी कोसळतात, किडनी आणि लिव्हरला इजा होते. म्हणून चिठ्ठीवर वाराचं नाव लिहून घ्या. "आठवड्यातून एकदा" एवढंच नको, "दर बुधवारी" असं. दुसरी चूक फार्मसीच्या काउंटरवर होते. मेथोट्रेक्सेट २.५ मिलिग्रॅममध्ये येतं आणि १० मिलिग्रॅममध्येही. तुमच्या मुलाला १२.५ मिलिग्रॅम म्हणजे २.५ च्या पाच गोळ्या असतील आणि या खेपेला पट्टी १० ची मिळाली, तर सवयीने दिलेल्या पाच गोळ्या ५० मिलिग्रॅम होतात. प्रत्येक नवी पट्टी घरी आल्यावर जुनीच्या शेजारी ठेवून मिलिग्रॅमचा आकडा मोठ्याने वाचायचा, ही सवय लावून घ्या. पाठीतून मेथोट्रेक्सेट दिलेल्या आठवड्यात तोंडाने घ्यायचा डोस बऱ्याच प्रोटोकॉलमध्ये वगळतात. त्या दिवशी ओपीडीतून निघण्याआधीच विचारून घ्या.

सिक्स-एमपी रोज एकाच वेळेला द्या. रात्री जेवणानंतर तासाभराने, दात घासण्याआधी, असं एखाद्या ठरलेल्या कामाला जोडलेलं बरं. एखादी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका, फक्त वहीत लिहा. गोळी दिल्यावर उलटी झाली तर मनाने परत देऊ नका, फोन करा. पण चुकण्याची सवय लागू देऊ नका. १०० पैकी ९५ पेक्षा कमी डोस घेतलेल्या मुलांमध्ये आजार उलटण्याचं प्रमाण ठळकपणे जास्त दिसलं आहे. महिन्याला दोन गोळ्या चुकल्या की तुम्ही त्या रेषेच्या खाली गेलात. मूल हसतंखेळतं दिसत असताना "आज राहू दे" म्हणणं किती सोपं असतं, हे ठाऊक असूनच हे लिहितोय.

ज्याला गोळी गिळता येत नाही त्याच्यासाठी खलबत्ता किंवा मिक्सर वापरू नका, या औषधाची पूड हवेत उडता कामा नये. १० मिलीची सिरिंज घ्या, दट्ट्या काढा, गोळी आत टाका, दट्ट्या परत बसवा, ५ मिली पाणी ओढून घ्या, टोक बंद करून हलवा. सिक्स-एमपी पूर्ण विरघळत नाही, पाण्यात पसरते, म्हणून न थांबता लगेच गालाच्या आत हळूहळू सोडायची. मग तीच सिरिंज थोड्या पाण्याने विसळून तेही पाजायचं, कारण तळाशी राहिलेलं औषध म्हणजे राहिलेला डोस. पेजेच्या वाटीत गोळी मिसळू नका. अर्धी पेज टाकली तर किती औषध पोटात गेलं हे कुणी सांगू शकत नाही. अर्धी गोळी करायला मेडिकलमध्ये मिळणारा कटर आणावा, तो फक्त याच गोळ्यांसाठी ठेवावा. हातात ग्लोव्ह्ज घालावेत. घरात मावशी किंवा काकी गरोदर असेल तर तिने या गोळ्यांना, आणि केमोनंतर दोन दिवस मुलाच्या लघवी-उलटीच्या कपड्यांना हात लावू नये.

औषधांच्या यादीबाहेरचं काहीही देण्याआधी विचारा. गुळवेलीचा काढा, पपईच्या पानांचा रस, कुणीतरी पाठवलेलं "रक्तवाढीचं" टॉनिक हे सगळं प्रेमाने येतं आणि नाही म्हणणं अवघड जातं. गुळवेलीने लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि सिक्स-एमपी व मेथोट्रेक्सेटमुळे लिव्हरवर आधीच भार असतो. बऱ्याच टॉनिकमध्ये फॉलिक अॅसिड असतं. मेथोट्रेक्सेट फॉलिक अॅसिडचंच काम अडवून परिणाम करतं, म्हणजे तुम्ही एका हाताने औषध देता आणि दुसऱ्याने काढून घेता. बाटली आणणाऱ्याला दुखवायचं नसेल तर "डॉक्टरांना दाखवून मग देतो" म्हणा आणि खरंच दाखवा.

रिपोर्ट वाचताना

सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीच्या, कागदावर घरच्यांनी बघायचा मुख्य आकडा बहुधा छापलेलाच नसतो. तो काढावा लागतो: एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलचे (त्यांतल्या जंतूंशी लढणाऱ्या पेशींचे) टक्के, भागिले १००. पांढऱ्या पेशी २,४०० आणि न्यूट्रोफिल ३८ टक्के, तर ९१२. याला एएनसी म्हणतात. मेंटेनन्समध्ये बहुतेक डॉक्टरांना हा आकडा ५०० ते १५०० च्या आसपास हवा असतो. ५०० च्या खाली गेला, किंवा प्लेटलेट्स ५०,००० च्या खाली गेल्या, की साधारणपणे गोळ्या काही दिवस थांबवतात. थांबवायच्या कधी आणि परत सुरू करायच्या कधी, दोन्ही निर्णय डॉक्टरांचे. घरच्यांनी रिपोर्ट बघून स्वतः थांबवायच्या नाहीत.

उलट बाजू लोकांच्या लक्षात येत नाही. एएनसी सतत तीन-साडेतीन हजार येत असेल तर घरचे खूश होतात, "पेशी छान आहेत." पण त्याचा अर्थ औषध कमी पडतंय किंवा पोटात जात नाहीय, असाही असू शकतो. अशा वेळी डॉक्टर डोस वाढवतात, आणि घरच्यांना ते अन्यायकारक वाटतं. डोस चुकले असतील तर त्याच वेळी खरं सांगा. नाहीतर न घेतलेल्या डोसच्या हिशेबावर नवा मोठा डोस ठरतो, आणि तो नियमित घेतला गेला की पेशी एकदम कोसळतात. काही मुलांमध्ये मात्र नेहमीच्या डोसवरच पेशी फार खाली जातात. भारतीय मुलांमध्ये एनयूडीटी१५ नावाच्या जनुकातला फरक बऱ्यापैकी आढळतो, आणि त्या मुलांना सिक्स-एमपी खूपच कमी लागते. पुन्हा पुन्हा असं होत असेल तर ही तपासणी करायची का, हे विचारा.

ताप

इथे थोडा वेळ थांबू, कारण मेंटेनन्समधल्या मुलाच्या जिवाला सगळ्यात मोठा धोका बऱ्याचदा आजारापेक्षा तापाला लागलेल्या उशिराचा असतो.

आकडा लक्षात ठेवा: एकदा जरी १०१ फॅरनहाइट, म्हणजे ३८.३ सेल्सियस आला, किंवा १००.४ म्हणजे ३८ तासभर टिकून राहिला, तर निघायचं. सकाळची वाट बघायची नाही. डिजिटल थर्मामीटर काखेत, काख कोरडी पुसून, हात अंगाशी दाबून बीप होईपर्यंत. काखेतलं माप आतल्यापेक्षा थोडं कमीच दाखवतं, म्हणून ९९.८ आणि मूल मलूल असेल तर तेही मनावर घ्या. गुदद्वारातून ताप कधीही मोजू नका, तिथली बारीकशी जखमही रक्तात जंतू सोडायला पुरते. याच कारणाने सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची गोळी) आणि एनिमाही बंद.

कपाटातलं पॅरासिटामॉल आधी देऊ नका. ताप उतरतो, जंतू मात्र वाढत राहतात, आणि कॅज्युअल्टीत पोचेपर्यंत अंग गार असल्याने कुणी घाई करत नाही. आयबुप्रोफेन आणि अॅस्पिरिन तर एरवीही नको, प्लेटलेट्सचं काम बिघडतं.

एवढी घाई का? न्यूट्रोफिल नसले की शरीराला जंतूंशी लढाच देता येत नाही. पू होत नाही, जखम लाल होत नाही, एक्स-रे कधीकधी स्वच्छ येतो. ताप ही एकच खूण उरते. रक्तातला जंतू काही तासांत रक्तदाब पाडू शकतो. म्हणून मूल इस्पितळात पोचल्यापासून एका तासाच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावं, असं ठरलेलं आहे. रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं नसतं. स्टेरॉइड चालू असेल तर ताप दबलेलाही राहू शकतो. हातपाय गार, श्वास जोरात, मूल पेंगुळलेलं किंवा विचित्र शांत, लघवी कमी, यांतलं काही असलं तर थर्मामीटरवर ९८ दिसले तरी निघा. पोर्ट किंवा पीआयसीसी लाइन (औषधासाठी शिरेत कायम बसवलेली नळी) फ्लश केल्यावर, म्हणजे आतून धुतल्यावर, तासाभरात थंडी वाजून आली तर लाइनमध्येच जंतू असण्याची शक्यता मोठी. तेव्हाही निघा.

आता गोव्याचा भूगोल. काणकोणहून बांबोळी ६०-६५ किलोमीटर आहे, वाळपईहून ४०-४५. दिवाडी-चोडणच्या माणसाला रात्रीच्या फेरीबोटीची वेळ माहीत हवी. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, दिवसांत आणि डिसेंबरअखेरीला महामार्गाचा भरवसा नाही. म्हणून मेंटेनन्स सुरू होतानाच डॉक्टरांना विचारून ठेवा: दूरच्या घरातून पहिला डोस मडगावच्या किंवा म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात घेऊन मग पुढे यायचं, की थेट गोमेकॉ? रात्री कोणाची गाडी, कोण चालवणार, तो गावाला गेला असेल तर दुसरा कोण? कुणीच नसेल तर १०८. हे ताप आल्यावर ठरवायचे विषय नव्हेत.

जवळच्या इस्पितळातल्या रात्रपाळीच्या डॉक्टरांनी हे मूल कधी पाहिलेलं नसतं. म्हणून फाईलच्या पहिल्या पानावर, प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, तुमच्या डॉक्टरांच्या सहीचं एक पानभर पत्र ठेवा. त्यात आजाराचं नाव, कोणता टप्पा, लाइन आहे की नाही, कोणत्या औषधाची अॅलर्जी, रक्तगट, शेवटची सीबीसी, आणि स्पष्ट वाक्य: ताप म्हणजे इमर्जन्सी, ब्लड कल्चर आणि सीबीसी घेऊन ताबडतोब अमुक अँटिबायोटिक शिरेतून. काउंटरवर पहिलं वाक्य "ताप आलाय" असं म्हणू नका, तापाची मुलं तिथे रांगेने बसलेली असतात. म्हणा: "कॅन्सरचं मूल आहे, केमो चालू आहे, ताप १०१ आहे, हे पत्र." तरीही केसपेपरच्या रांगेत उभं केलं तर एकाने रांगेत राहायचं आणि दुसऱ्याने मूल घेऊन थेट आत जायचं. इथे भीड बाळगू नका.

दाराजवळ एक पिशवी भरलेली असावी: फाईल, चालू गोळ्या, थर्मामीटर, पाण्याची बाटली, दोन जोड कपडे, चार्जर, थोडी रोख रक्कम, ओळखपत्रं, मुलाची एक आवडती वस्तू. पावसाळ्यात रेनकोट आणि कोरडा टॉवेल.

पाऊस, चवथ, धूर

जून ते सप्टेंबर गोव्यातल्या भिंती पाणी पितात आणि त्यावर काळी-हिरवी बुरशी धरते. निरोगी माणसाला त्याचं काही वाटत नाही. न्यूट्रोफिल कमी असलेल्या मुलाच्या फुप्फुसात मात्र त्यातली अॅस्परजिलस बुरशी घर करू शकते, आणि ती काढणं महिनोन्महिन्यांचं काम असतं. घरातली सगळ्यात कोरडी खोली मुलाला द्या. बुरशी पुसायची तर पातळ ब्लीचच्या ओल्या फडक्याने, कोरडी खरवडून नव्हे, आणि त्या वेळी मूल दुसऱ्या घरी. चवथीआधी घर रंगवायची आपली पद्धत आहे. भिंती खरवडल्या जातात, माळ्यावरचं सामान खाली येतं, धूळ घरभर होते. उपचाराच्या वर्षांत रंग राहू द्या. करायचाच असेल तर काम पूर्ण होऊन घर धुऊन होईपर्यंत मुलाला आजोळी ठेवा. गोठा, गवताची गंजी, पालापाचोळ्याचा खड्डा यांपासूनही लांब. दिवाळीच्या पहाटे नरकासुर जाळतात तेव्हा खिडक्या बंद.

चवथीला मूल घरातच असतं, माणसं येतात. आरतीसाठी वीस जण एका खोलीत आले की त्यात एखादा तरी खोकणारा असतोच. मुलाला बाहेर बसू द्या, नमस्कार आरती संपल्यावर. तीर्थ आणि पंचामृत देऊ नका. देवळात जायचं असेल तर जत्रेच्या दिवशी नको, साध्या वारी सकाळी जा.

डासांची जाळी बारा महिने. डेंग्यूतही ताप येतो आणि प्लेटलेट्स पडतात, पण "डेंग्यूच असेल" म्हणून घरी थांबू नका. मार्ग वर सांगितला तोच.

स्वयंपाकघर

खाण्याच्या नियमांत लोक इतके कडक होतात की मुलाचं वजन घसरतं. माझं स्पष्ट मत: स्वच्छता कडक ठेवा, पदार्थांची यादी नव्हे. कच्चं सगळं बंद करणाऱ्या कडक आहाराने जंतुसंसर्ग कमी होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. ताजं, नीट शिजवलेलं आणि गरम हे मात्र पाळायलाच हवं.

उकड्या तांदळाची पेज, मुगाची आमटी, खतखतं, पूर्ण शिजलेलं अंडं, आजच्या बांगड्याचं आजचं हुमण, सगळं चालतं. कालचं हुमण जास्त चवदार लागतं हे खरं, पण ते मोठ्यांनी खावं. खुबे, तिसऱ्या, कालवं उपचार संपेपर्यंत नको. शिंपलं उघडलं म्हणजे आतलं शिजलंच असं नाही. विहिरीचं पाणी खळखळून उकळलेलं, झाकून ठेवलेलं, त्याच दिवशी संपवलेलं. केळं, मोसंबं, संत्रं अशी सोलायची फळं हात धुऊन सोलून द्या. गाड्यावरचं भजी-पाव गरम असतं, त्यासोबतची चटणी मात्र नको. दही-ताकाबाबत डॉक्टरांची मतं वेगळी असतात, तुमच्याच डॉक्टरांना विचारा.

तोंड आलं असेल तर ग्लासभर उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा, दिवसातून चार-पाच वेळा चूळ. अल्कोहोल असलेलं माउथवॉश झोंबतं, ते आणू नका. ब्रश अगदी मऊ.

स्टेरॉइडच्या पाच दिवसांत मूल रात्री उठून भात मागतं, चिडतं, रडतं. हा हट्ट नाही, औषध आहे. गोळी सकाळी नाश्त्यासोबत द्या म्हणजे झोप थोडी बरी लागते. फरसाणाचे डबे उंचावर ठेवा आणि भुकेसाठी उकडलेलं अंडं, मुगाचं धिरडं तयार ठेवा. पोटात जोराचा दुखावा आला तर मात्र भुकेवर ढकलू नका. व्हिन्क्रिस्टिननंतर तीन-चार दिवसांत पोट साफ होत नाही. डॉक्टरांनी दिलेलं लॅक्टुलोज इंजेक्शनच्या दिवसापासूनच सुरू ठेवा, दोन दिवस पोट साफ झालं नाही तर फोन करा. याच औषधाने पायाची शक्ती थोडी कमी होते. चप्पल पायातून निसटते, पायरीवर बोट अडकतं, मूल टाचेवर उभं राहू शकत नाही. हे सांगितल्याशिवाय ओपीडीत कुणाच्या नजरेला पडत नाही.

कांजिण्या, लसी, शाळा

मेंटेनन्समध्ये पेशी ठीक असतील तर मुलाने शाळेत जावं, बहुतेक डॉक्टर तसंच सांगतात. बालरथमध्ये, म्हणजे शाळेच्या बसमध्ये, दाटीवाटी होते, शक्य असेल तर पहिले काही महिने घरच्या दुचाकीने. मुख्याध्यापकांना लेखी द्या की वर्गात किंवा बालरथमध्ये कुणाला कांजिण्या किंवा गोवर आला तर त्याच दिवशी फोन हवा. कांजिण्यांच्या संपर्कानंतरचं संरक्षक इंजेक्शन ९६ तासांच्या आत दिलेलं सगळ्यात चांगलं, ते न मिळाल्यास डॉक्टर गोळ्यांचा मार्ग निवडतात. गोवरासाठी सहा दिवस हातात असतात. पालकसभेला कळेल तेव्हा कळेल, असं सोडलं तर ही मुदत निघून जाते.

जिवंत जंतूंच्या लसी, म्हणजे गोवर-गालगुंडाची एमएमआर आणि कांजिण्यांची, उपचार चालू असताना या मुलाला देत नाहीत. पोलिओचे थेंब त्याला तर नाहीतच, घरातल्या धाकट्या भावंडालाही नकोत, कारण थेंबातला विषाणू काही आठवडे शौचातून बाहेर पडतो. पल्स पोलिओच्या रविवारी बूथवर जाण्याआधी विचारून घ्या; भावंडाला पोलिओचं इंजेक्शन देता येतं. भावंडाला एमएमआर दिली तर चालते. घरातल्या सगळ्या मोठ्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी.

पैसे आणि मुंबई

दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त माणसांना चार लाखांचं संरक्षण आहे. कार्डाची मुदत संपण्याआधी नूतनीकरण करा. गोव्यात न होणाऱ्या उपचारासाठी सरकारची मेडिक्लेम योजना वेगळी आहे. तिचा अर्ज बाहेर उपचार सुरू करण्याआधी करायचा असतो, नंतर बिलं घेऊन गेलं तर अडतं. कागद कोणते, हे इस्पितळातल्या समाजसेवकांना पहिल्याच आठवड्यात भेटून लिहून घ्या.

परळच्या टाटा कॅन्सर इस्पितळात किंवा त्याच्या खारघरच्या केंद्रात जावं लागलं तर रेल्वेची कॅन्सर सवलत घ्या. स्लीपर आणि थ्री-टिअर एसीत रुग्णाचं तिकीट मोफत, सोबत्याला ७५ टक्के सूट. इस्पितळाच्या शिक्क्याचा फॉर्म लागतो आणि तिकीट खिडकीवर काढावं लागतं. खारघरसाठी पनवेलला उतरा. राहण्यासाठी सेंट ज्यूड इंडियाची मोफत केंद्रं मुंबईत आणि खारघरला आहेत. जागा इस्पितळाच्या शिफारशीने मिळते, म्हणून आधी समाजसेवकांशी बोला. गाडीत विकायला येणारं खाणं नको, घरचं खाणं आणि बाटलीतलं पाणी सोबत. आणि प्रवासाच्या दिवसांच्या गोळ्या बॅगेत टाकू नका, अंगावरच्या पर्समध्ये ठेवा.

मूल आणि भावंड

मुलाला आजाराचं नाव सांगा. घरात कुजबुज ठेवली तर बालरथमध्ये कुणीतरी मोठ्याने सांगतंच. पाच-सहा वर्षांच्या मुलाला "रक्तात खराब पेशी झाल्या, गोळ्या त्यांना वाढू देत नाहीत" एवढं पुरतं. या वयात मुलांना वाटतं की आपण काहीतरी वाईट केलं म्हणून हे झालं. म्हणून "हे तुझ्यामुळे झालं नाही" हे न विचारता सांगा, आणि ताईला-दादालाही सांगा. भांडणात "मर जा" म्हटलेलं त्यांच्या मनात राहिलेलं असतं. हा आजार लागत नाही, एका ताटात जेवलं तरी लागत नाही, हेही भावंडांना आणि त्यांच्या मित्रांच्या आयांना स्पष्ट कळू द्या.

रात्री तापाने घर एकदम रिकामं होतं तेव्हा मागे राहणाऱ्या भावंडाकडे कोण झोपायला येणार, हे आत्याशी किंवा शेजारच्या काकूंशी आधीच बोलून ठेवा. त्या मुलालाही दिवसाउजेडी सांगून ठेवा की असं झालं तर काकू येतील, डबा तयार असेल, शाळा चुकणार नाही, आणि सकाळी सातला आई फोन करेल. मग सातला फोन कराच, रिपोर्ट आलेला नसला तरी.